अक्षतेचा एक दाणा

मला बोलता येतं, पण एकच शब्द. तो ऐकायची वेळ आली की माणसं आधी कानात कापूस घालतात. त्यामुळे ज्या दिवसांत मला जीव तोडून काही सांगायचं होतं, त्या दिवसांत मी नुसती ओरडत राहिले. आज सावकाश सांगते.

मी एक रायफल. शिकारीची नव्हे, लढाईची तर नव्हेच. कागदावरच्या काळ्या वर्तुळावर नेम धरण्याची. परदेशातल्या एका कारखान्यात माझी पोलादी नळी घडली आणि अक्रोडाच्या लाकडात बसवली गेली. बसवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने नळी आणि लाकूड यांच्यामध्ये मुद्दाम बारीकशी फट सोडली. गोळी सुटताना नळी थरारते. तो थरार दर वेळी सारखा असेल तरच गोळ्या एका जागी पडतात. म्हणून नळीला कुणी शिवता कामा नये. ती फट म्हणजे माझा श्वास समजा.

बोटीने मुंबईला आले, दोन-तीन हात बदलले आणि मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका क्लबात स्थिरावले. पत्र्याची शेड, वाळूच्या गोण्या, पन्नास मीटरवर मातीचा बांध. रेंज सांभाळायला गुणाजी होता. वेंगुर्ल्याकडचा. वीस वर्षं गिरणीत माग दुरुस्त केले, संपानंतर इथे आला. शिक्षण सातवी, पण त्याची वही बघावी! वार, हवा, काडतुसांचा डबा कोणता, कुणाच्या पाच गोळ्या किती जागेत पडल्या, सगळं रोजच्या रोज. त्या वहीचं पान त्याने कधी फाडलं नाही. अक्षर चुकलं तर वर एक रेघ मारायचा आणि पुढे लिहायचा.

आणि माझी सुलक्षणा. राहायला कांजूरमार्गला, नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून यायची आणि माझ्यामागे पालथी पडली की शांत व्हायची. माझा चामडी पट्टा ती दंडाला ताणून बांधायची. त्या पट्ट्यातून तिच्या नाडीचे ठोके मला लागायचे. तिच्या पाच गोळ्या चार आण्याच्या नाण्याखाली झाकायच्या. नोव्हेंबरअखेर राज्याच्या संघाची निवड होती, आणि क्लबातून एकच नाव जायचं होतं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. साल ८५.

गुणाजीने आदल्या दिवशी माझ्या लाकडाला जवसाचं तेल चोळलं होतं. सकाळी मला पाटावर ठेवलं, झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं आणि गिरणीत मागावर टाकायचा तशा माझ्यावर अक्षता टाकल्या. माग धडधडतो, त्याच्यावरचे दाणे खाली पडून जातात. मी स्वस्थ पडून होते. संध्याकाळी त्याने मोठ्या मायेने फडक्याने मला पुसलं, आणि त्या पुसण्यातच कोलमचा एक बारीक दाणा ओल्या तेलावरून घसरून नळीखालच्या फटीत गेला. तिथेच चिकटला.

मला तो लगेच जाणवला. डोळ्यात कुसळ जावं तसा.

शनिवारी सुलक्षणा आली. तिने पट्टा ताणला, लाकूड केसभर वाकलं, दाणा नळीला टेकला. पहिली गोळी वर गेली. दुसरी मधोमध. तिसरी डावीकडे. ती कागदाकडे बघतच राहिली. मी आतून ओरडत होते, पण बाहेर गेला तो माझा नेहमीचाच आवाज.

दोन आठवडे तसेच गेले. गुणाजीने गिरणीच्या पद्धतीने दोष शोधायला घेतला : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काडतुसांचा डबा बदलला. नळी साफ केली. मागची जाळी, म्हणजे जिच्या छिद्रातून नेम धरतात ती, तिचे स्क्रू आवळले. लाकडाचे स्क्रू तपासले. शेवटी मला वाळूच्या गोणीवर ठेवून स्वतः पाच गोळ्या मारल्या. पाचही नाण्याखाली.

मला तेव्हा भीती वाटली ती त्या कागदाची. गोणीवर पट्टा लागत नाही. पट्टा नाही म्हणजे लाकूड वाकत नाही, दाणा टेकत नाही. मी निर्दोष ठरले, आणि मी निर्दोष ठरले की दोषी कोण उरतं?

गुणाजीने वहीत लिहिलं : रायफल बरी. हात कापतो.

वही वाचून क्लबाचे सेक्रेटरी भाऊराव म्हणाले की, शनिवारी नाव पाठवायचं आहे, तोवर असंच चाललं तर दुसरं नाव पाठवू. ते वाईट माणूस नव्हते. वहीवर त्यांचा विश्वास होता, एवढंच.

त्यानंतर सुलक्षणाची नाडी बदलली. आधी ती माझ्यापाशी येताच हळू व्हायची; आता पट्टा बांधण्याआधीच धावू लागली. चापावरचं बोट खरोखरच कापायला लागलं. माझ्या पोटातलं खोटं तिच्या हातात उतरत होतं. आणखी दोन आठवडे असेच गेले, तर दाणा निघूनही उपयोग होणार नाही, हे मला दिसत होतं. रात्री कपाटात मी त्याच एका विचाराने गारठून जायची.

शुक्रवारी ती आली ती क्लबाचं नेमबाजीचं जाकीट परत द्यायला. घडी घालून बाकावर ठेवलं. गुणाजी वहीत मान घालून बसला होता. ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"काका, एक विचारू? तुम्ही पट्टा लावून मारलंत का कधी?"

"गोणीवर पट्टो कशाक लागता?"

"मी गोणीवर मारत नाही ना पण."

गुणाजीने पेन खाली ठेवलं. पन्नाशीचा माणूस, गुडघे कुरकुरत सतरंजीवर पालथा पडला. दंडाला पट्टा बांधला, ताणला. पाच गोळ्या. कागद आणायला तो स्वतः चालत गेला आणि परत येताना पाऊल फार सावकाश टाकत होता. पाच गोळ्या पाच दिशांना. नेमक्या तिच्यासारख्या.

"आता तुमचा पण हात कापतो वाटतं," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

गुणाजीने वही उघडली, शेवटचं कोरं पान धरलं आणि टर्रकन फाडलं. तो आवाज मी अजून विसरले नाही. पानाची लांब पट्टी करून त्याने माझ्या नळीखाली सरकवली. अडखळत अडखळत गेली. मग सुलक्षणाला पट्टा ओढून धरायला सांगितलं आणि पुन्हा सरकवली. टोकापासून चार बोटांवर पट्टी थांबली.

त्याने स्क्रू काढले, नळी उचलली. लाकडाला चिकटलेला पिवळट लाल दाणा.  त्याने वहीतलं खंडेनवमीचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. त्यावर त्याच्याच अक्षरात होतं : पूजा केली. अक्षता वाहिल्या.

"माझ्याच हातान झाला गो," तो म्हणाला. "आणि नाव मी तुझा लिवलंय."

'हात कापतो' या शब्दांवर त्याने रेघ मारली. भाऊरावांकडे वही घेऊन तो स्वतः जाणार होता. दाणा टाकावा कुठे, हे त्याला सुचेना; अक्षता केरात टाकत नाहीत. सुलक्षणाने मान पुढे केली.

"डोक्यावर टाका. बंदुकीत नको."

शनिवारी तिचं नाव गेलं. निवडीत ती शेवटच्या जागेवर का होईना, बसली. बोटातली कापरी जायला मात्र पुढचा उन्हाळा उजाडला. माणसाच्या आत गेलेला दाणा स्क्रू काढून निघत नाही.

आता माझी नळी झिजत आली आहे. नवशिके मला हाताळतात. पण खंडेनवमी जवळ आली, ताटात तांदूळ सळसळले की अजून माझं पोलाद आखडतं. गुणाजी आता मला फक्त फूल वाहतो, तेही लांबून. तरी पूजा झाली की तो वहीचं एक पान फाडतो, पट्टी करतो आणि नळीखालून सरकवतो. पट्टी पार टोकाला निघेपर्यंत त्याचाही श्वास रोखलेला असतो आणि माझाही.

तुमच्याकडे कुणाचा नेम अचानक चुकायला लागला, तर तुम्हीही वहीत काही लिहिण्याआधी एक पान फाडून बघा.