वेळेआधीची टाळी

मी बोलतोय, गेम पार्लरच्या कोपऱ्यातून. अहो, तिकडे कुठे बघताय? डोक्यावर थंड पेयांचे क्रेट रचून ज्याला पार अडगळ करून टाकलं होतं ना, तोच मी. दोघांनी खेळायच्या मारामारीचा जुना व्हिडिओ गेम. आता क्रेट गेले आहेत आणि माझी छाती चांगली वीतभर फुगली आहे.

सुताराने मला लाकडाचं धड दिलं, कारागिराने पोटात तारा भरल्या. पुढ्यात दोघांसाठी दोन दांड्या, शेजारी ठोशाचं आणि लाथेचं बटण. डाव्या हाताने दांडी, उजव्याने बटणं. दांडी वर ढकलली की उडी, खाली ओढली की बैठक, शत्रूपासून लांब ओढून धरली की बचाव. तीन डावांत दोन जिंकले की लढत तुमची. पण माणसांना धीर कुठला? दिसलं बटण की बडव! अहो, बटण आहे ते, ढोलकं नव्हे.

एक मेख मात्र आहे. शत्रू तुमच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे गेला, की दिशा उलटते. तरीही जुन्याच बाजूला दांडी ओढत राहिलात, तर मार खाल. भलेभले इथेच फसतात.

मी नवा होतो तेव्हा दोन भावंडं यायची. दोघं मिळून एकाच बाजूने खेळायची. दादा दांडी सांभाळायचा, धाकटी बबडी बटणं. तो "आता!" म्हणाला रे म्हणाला, की हिचा ठोसा बसलाच. समोरच्यांना पळता भुई थोडी व्हायची. पण बबडीला एक वाईट खोड. शत्रू नुसता डळमळला, तरी ही दोन्ही हात उचलून टाळ्या पिटायची. बटणं मोकळी! मग काय, तो सावरायचा आणि हातातला डाव जायचा.

"बबडे, आधी पडू दे गं त्याला, मग नाच!" दादा कपाळाला हात लावायचा.

भावंडं मोठी झाली. दादा शिंपी झाला, बबडी चित्रकलेची बाई. पार्लरमध्ये नवी चकचकीत यंत्रं आली आणि मी क्रेटखाली गेलो.

मग एका रविवारी बबडी दादाला हाताला धरून घेऊन आली. त्याचा उजवा हात अंगाशी लोंबत होता.

"अरे, आमची दांडी-बटण जोडी!" पार्लरचे मालक पुढे आले.

"अर्धांगवायूचा झटका येऊन गेला याला," बबडी म्हणाली. "डॉक्टर म्हणतात हात सुधारेल, पण व्यायाम करायला हवा. हा करतच नाही. दुकानाला कुलूप लावून भिंतीकडे बघत बसतो."

"मेला आहे तो हात," दादा म्हणाला. "कात्री धरता येत नाही, तो शिंपी कसला? चल घरी."

मला फार वाईट वाटलं, खरंच. पण बबडी ऐकते होय! मालकांनी क्रेट उतरवले, धूळ झटकली आणि मला चालू केलं. समोर उभा राहिला पैलवान. हा नावाचाच पैलवान; बसचा ड्रायव्हर, अंगाने काटकुळा, पण पार्लरमध्ये त्याला कुणी हरवलेलं नव्हतं.

"मी जरा हळूच खेळतो," तो म्हणाला.

"दया दाखवलीस तर गाठ माझ्याशी आहे!" बबडी गरजली. तिने दादाचा उजवा हात उचलून बटणांशेजारी ठेवला. "असू दे नुसता तिथे."

पहिला डाव गेला. पैलवानाने डोक्यावरून उडी मारली आणि दादा दिशा विसरला. दुसऱ्या डावात तीच उडी आली. दादाने झटकन दांडी फिरवली, मार अडवला. "आता!" धाड! बरोबरी.

तिसऱ्या डावात पडद्यावरची दोन्ही गड्यांच्या जिवाची पट्टी तळाला गेली, एका ठोशात खेळ खलास. "आता!" बबडीचा ठोसा बसला, पैलवानाचा गडी डळमळला, आणि बयेने टाळ्या पिटल्या! गडी पडलाच नव्हता. तो सावरून धावत आला.

"बबडे! बटण!"

तिचे हात अजून हवेतच होते. तेवढ्यात माझ्या बटणावर काहीतरी पडलं. दादाचा उजवा तळवा. इतकी वर्षं लोकांनी मला बडवलं, पण इतका हलका मार कधी खाल्ला नव्हता. मला तेवढा पुरला. मी ठोसा हाणला, पैलवानाचा गडी आडवा झाला आणि मी घसा फाटेस्तोवर विजयाची धून वाजवली.

दादा हाताकडे बघतच राहिला. "मी दाबलं?"

"नाहीतर काय भुताने?" पैलवान म्हणाला आणि त्याने तो हात धरून उंच केला. दादा रडत होता आणि हसतही होता.

"परत लाव," डोळे पुसून तो म्हणाला. "आणि बबडे, तू जरा लांब उभी राहा."

त्यानंतर तो रोज आला. घरच्या व्यायामालाही लागला. आता दुकान उघडलं आहे. कात्री हळू चालते, पण चालते. दुकानात जाण्याआधी माझ्याशी एक लढत ठरलेली.

बबडी सगळ्यांना सांगते, "मी मुद्दामच हात उचलले होते." साफ खोटं! जित्याची खोड, दुसरं काय? मी पाहिलंय ना.

माझं मागणं एवढंच, की पुन्हा डोक्यावर क्रेट ठेवू नका. या, खुशाल बडवा मला. आणि शेजारी कुणी वेळेआधीच टाळ्या पिटू लागलं, तर रागावू नका त्याच्यावर.