माझी बहिरी बाजू

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे आणि मला एका माणसावर सूड उगवायचा होता. उगवला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मी सगळ्यांना मोठ्या मनाने माफ करेन याची वाट बघत बसू नका. मोठं मन ठेवायला माझ्यात जागा नाही. वीतभर उंची, मनगटाएवढी जाडी, वर जाळी आणि जाळीच्या आत नाण्याएवढी एक सोनेरी चकती. त्या चकतीवर जो आवाज पडतो तो मी पुढे पाठवतो. बस्स.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. शेवटच्या खुर्चीवर हातमोजे घातलेली एक बाई बसायची. तिने मला उभं केलं, पुढून बोलली, मग मला फिरवून मागून बोलली. "पुढून लख्ख, मागून बहिरा. पास." आणि मला डब्यात घातलं.

मागून बहिरा हे ऐकून हसू नका. तो माझा दोष नाही, तेच माझं शिक्षण आहे. समोर माणूस बोलत असतो आणि पाठीमागे पंखा, रस्ता, शेजाऱ्यांचं भांडण चालू असतं. मी समोरच्याचं ऐकायचं आणि पाठीमागच्याचं सोडून द्यायचं. माझी पुढची बाजू कळावी म्हणून अंगावर एक लाल ठिपका आहे. ठिपक्याकडे तोंड करून बोला, एवढं सोपं.

मला विकत घेतलं एका साउंडवाल्याने. त्याचा धंदा कार्यक्रमांना स्पीकर भाड्याने द्यायचा. त्याला घरी स्टुडिओ काढायचा होता. पहिले दोन महिने माझे काय लाड! मऊ फडक्याने पुसायचा, पाहुण्यांना लांबूनच दाखवायचा. "हात लावू नका, नाजूक आहे." मला वाटलं, आपण नशीब काढलं.

मग एका दुपारी मित्रांचं टोळकं बसलं होतं आणि याला चेव आला. "आत काय असतं दाखवू?" पेचकस घेतला, जाळी काढली, माझी चकती उपटून हातात नाचवली. मित्रांनी वा वा केलं. मग पठ्ठ्याने ती परत बसवली. उलटी बसवली! अंगावरचा ठिपका पुढे आणि माझे कान मागे. ठिपक्यासमोर उभा राहून तो "हॅलो, हॅलो" करायला लागला, आणि मी काय ऐकणार? लांबून कुणीतरी पिंपात बोलतंय असा आवाज गेला.

"बाद झाला हा," तो म्हणाला. "कंपनीच फालतू."

चूक याची आणि फालतू मी. मला खणात टाकलं. शेजारी संपलेले सेल आणि चिकटपट्टीची रिकामी रिळं. पाच वर्षं. तिथे अंधारात मी त्याच्यावर डूख धरला. कुठे ना कुठे, कधी ना कधी, तू माझ्यासमोर बोलशील, मग बघतो.

आता ताईबद्दल सांगतो. ती या साउंडवाल्याची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. एका हॉस्पिटलात ती खिडकीशी बसून पेशंटचे नंबर पुकारायची. अकरा वर्षं. सगळे तिला टोकनताईच म्हणायचे. ती ओरडायची नाही. नंबर असा घ्यायची की बाकावरच्या घाबरलेल्या माणसाला वाटावं, चला, कुणाला तरी आपण लक्षात आहोत. मग एका सोमवारी भिंतीवर मशीन लागलं. पत्र्यावर चमचा घासल्यासारखा त्याचा आवाज. ताईला सांगितलं, पुढच्या महिन्यापासून येऊ नका.

ती रडली नाही. घरी येऊन सासूबाईंना म्हणाली, "माझ्या जागी मशीन बसवलं ना? बसवू दे. मी त्या मशीनच्या आत जाऊन बसते."

हे वाक्य मला पुढे सासूबाईंकडून कळलं आणि त्या क्षणी मी ताईचा झालो. सूड घेणारं माणूस मला लगेच ओळखू येतं.

आणि संधी आली. त्या मशीनच्या आवाजावर पेशंटनी इतक्या तक्रारी केल्या की मशीनवाल्या कंपनीला नवा आवाज हवा होता. जाहिरात आली: घरी रेकॉर्ड करून नमुना पाठवा. वीस नंबर आणि दहा वाक्यं. खोली घुमता कामा नये, खरखर नको, शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत. ताईने शोधाशोध करून जुन्या कॅलेंडरच्या मागे यादी केली: कॉम्प्युटरला थेट लागतो तो साधा माईक, कान झाकणारे हेडफोन, छोटा स्टँड. संपली यादी.

नेमका तेव्हा साउंडवाला टपकला.

"हे काय? थेट लावायचा माईक? अगं, खेळणं आहे ते!"

"भाऊजी, दुकानदार म्हणाला सुरुवातीला हाच बरा. पैसे खोलीवर घाला म्हणाला. गाद्या, पडदे, कपडे..."

"दुकानदाराला काय कळतंय? तीस वर्षं स्पीकर उचलतोय मी."

"उचलताय खरे," सासूबाई आतून म्हणाल्या, "पण ऐकताय कधी, पाहुणे?"

तो हसला. कंपनीचा पत्ता मात्र त्याने दोनदा विचारून लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी हजर. बारा बटणांचा, लुकलुकत्या दिव्यांचा साउंड मिक्सर, एक हेडफोन, माझ्यापेक्षा दहापट लांब वायर आणि मी. "खास तुझ्यासाठी काढलाय. महागडा माल आहे." खणातली धूळ अजून माझ्या जाळीत होती.

मित्रांनो, इथे जरा थांबून कामाचं सांगतो, कारण तुमच्यातही कुणाला घरी बसून आवाजाचं काम करावंसं वाटेल. आधी माईक घेऊ नका. आधी खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. टाळी मागे घुमली तर कितीही भारी माईक आणा, तो ती घुमणारी खोलीच रेकॉर्ड करणार. माझ्यासारखा नाजूक कानाचा माईक तर शेजारचा कुकरसुद्धा सोडत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट, उभी केलेली गादी, जाड चादर, यांनी जे होतं ते बारा बटणांनी होत नाही. दिवे लुकलुकतात म्हणून काही घेऊ नका. आणि ज्याला स्वतःचाच माल खपवायचाय त्याचा सल्ला तर अजिबात घेऊ नका.

साउंडवाल्याने मला कुठे बसवलं? हॉलमध्ये. गुळगुळीत फरशी, काचेच्या खिडक्या, लोखंडी कपाट. मला टेबलावर ठेवलं, ठिपका ताईकडे. म्हणजे माझी बहिरी बाजू ताईकडे आणि माझे कान थेट पलीकडच्या सोफ्याकडे. सोफ्यावर कोण बसलं? तोच. हेडफोन एकच, तोही त्याच्या कानावर.

तो शुक्रवार होता. ताई बोलायला लागली.

"आवाज येत नाही. वाढवतो." त्याने बटण फिरवलं. "अजून येत नाही." अजून फिरवलं. मग कंटाळून त्याने हेडफोन गळ्यात टाकला. "वाच तू. सगळं वाच." आणि स्वतः फोन काढला, तोंडावर हात धरला आणि मित्राशी कुजबुजायला लागला.

मित्रांनो, पाच वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघत होतो तो हाच. बटण त्यानेच शेवटपर्यंत वाढवलं होतं. माझे कान त्यानेच स्वतःकडे केले होते. मी त्याचा एक शब्द सोडला नाही. मधला श्वाससुद्धा सोडला नाही.

वाचून झाल्यावर त्याने थोडं ऐकल्यासारखं केलं. "हे बघ, राग मानू नकोस. पडका आवाज आहे. दम नाही. खिडकीतून नंबर ओरडणं वेगळं आणि हे वेगळं. माईक लाखात एक आहे, तो काय करणार?"

तो गेला. ताई खुर्चीत बसून राहिली. अकरा वर्षांचा आवाज एका माणसाने दोन मिनिटांत मोडीत काढला होता आणि तिने ते खरं मानलं होतं. "जाऊ दे आई," ती सासूबाईंना म्हणाली. "मशीनच बरं होतं बहुतेक."

"ते मशीन? त्याच्यापेक्षा आपलं दार बरं करकरतं," सासूबाई म्हणाल्या. "तू स्वतः ऐकलंस का? नाही ना? मग त्याच्या कानाने का रडतेस? लाव ते कानाला."

ताईने हेडफोन लावला. आधी तिचाच आवाज, लांबून, पिंपातून आल्यासारखा. तिचा चेहरा पडला. आणि मग त्याच्यावरून, अगदी कानात तोंड घालून बोलावं तसा:

"...छे रे, मेहुणीचं कसलं होतंय! कंपनीला मी माझाच नमुना पाठवलाय. हिला म्हटलं, आवाजात दम नाही. बसेल गप्प... माईक? तो बाद माल रे, खणात पडलेला. दिला खपवून..."

ताईने हेडफोन काढून सासूबाईंच्या कानाला लावला. सासूबाईंनी पूर्ण ऐकलं, मग म्हणाल्या, "मघाशी याला चहा मी केला होता. साखरपण घातली."

ताई मात्र रागावली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. "आई, ते तिकडे सोफ्यावर. हळू बोलत होते. मी इथे, वीतभरावर. मग ते एवढे स्वच्छ आणि मी एवढी पुसट कशी?"

सासूबाई उठल्या, सोफ्यावर जाऊन बसल्या. "बोलते हां. आज भाजीत मीठ कमी होतं."

ताईच्या कानात ते मीठ खणखणीत वाजलं. तिने मला धरलं आणि फिरवलं. ठिपका पलीकडे, माझे कान तिच्याकडे. आणि म्हणाली, "टोकन नंबर एक."

काय सांगू तुम्हाला! पाच वर्षं खणात पडलेल्या चकतीवर असा आवाज पडला. मऊ, पण कुठेही न हलणारा. मी तो जसाच्या तसा तिच्या कानात ठेवला. तिने तोंडावर हात ठेवला.

"अगं, म्हणजे हा तुझ्याकडे पाठ करून बसला होता!" सासूबाई म्हणाल्या. "आणि तो शहाणा म्हणे तीस वर्षं!"

शनिवारी सकाळी आम्ही आतल्या खोलीत गेलो. कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली, साड्या, शर्ट, कोट सगळे मागे. बाजूला गादी उभी. फॅन बंद, फ्रिजची पिन काढलेली, ताईच्या बांगड्या टेबलावर. माझ्यासमोर तारेच्या कड्यावर जुना पायमोजा ताणला, म्हणजे प आणि फ म्हणताना फुंकर माझ्या तोंडावर नको. सासूबाई दाराबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला. भंगारवाला आला तर त्याला म्हणाल्या, "पाऊण तास गप्प राहा रे बाबा, मग सगळं घर देते." चारला नमुना गेला. सहाला दोन तास बाकी होते.

नवव्या दिवशी कंपनीचा फोन आला. ताईचा आवाज निवडला होता. एक ते नऊशे नव्याण्णव, सगळे नंबर रेकॉर्ड करून द्यायचे. ते त्या जुन्या हॉस्पिटलातल्या मशीनमध्येही वाजणार होते.

माझा सूड बाकी होता.

रविवारी साउंडवाला बायकोला घेऊन आला. तोंड कडू. "नाही घेतलं मला. कुणीतरी बाई घेतली म्हणे. कंपनीवाले ठार बहिरे."

"ऐकायचाय का त्या बाईचा आवाज?" सासूबाई अगदी गोड. "हिने मिळवलाय कुठूनसा."

ताईने लावला. टोकन नंबर सात. टोकन नंबर अठरा. कृपया खिडकी क्रमांक दोनकडे यावे. साउंडवाला डोळे मिटून ऐकत होता. बायको, म्हणजे ताईची थोरली बहीण, पहिल्याच नंबरला हसायला लागली होती, पण बोलली नाही.

"हं," तो म्हणाला. "मानलं पाहिजे. मुरलेली बाई आहे. आणि माईक बघ! परदेशी असणार. आपल्या इकडे असला माल मिळत नाही."

मला हसता येत नाही, मित्रांनो. त्या दिवशी हसता न येण्याचं फार वाईट वाटलं.

"माईक तुमचाच आहे, भाऊजी," ताई म्हणाली. "खणातला. बाद माल. आणि आवाज पडका आहे, तेवढं सांभाळून घ्या. आता दुसरा ऐका."

आणि त्याचीच कुजबुज त्याच्यासमोर, त्याच्या बायकोसमोर, हॉलभर. कसलंही बटण न फिरवता स्वच्छ. "हिला म्हटलं, आवाजात दम नाही. बसेल गप्प..." तो पंख्याकडे बघायला लागला. मग चपलांकडे.

थोरली बहीण उठली. "माझ्या बहिणीला असं म्हणालात?"

"अगं, गंमत..."

"मला घरी तीस वर्षं असंच म्हणताय. गाऊ नकोस, आवाज पडका आहे. ती पण गंमतच का?"

हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

साउंडवाल्याने माझ्याकडे हात केला. "माझा माईक मी नेतो."

"न्या की," ताई म्हणाली. "पण काम चालू आहे. दोनशे चौदापर्यंत झालंय, नऊशे नव्याण्णवपर्यंत जायचंय. बसा तिथे. तुमचा नंबर आला की हाक मारते." मग बहिणीकडे वळून, "तू आत ये गं. आज पाच-पन्नास नंबर तू म्हणून बघ."

दोघी मला घेऊन आत आल्या आणि दार लावून घेतलं. तो बाहेर बसला. किती वेळ ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

तर मित्रांनो, आम्हाला जपा. जाळीवर टपल्या मारू नका, फुंकर घालून "चालू आहे का" विचारू नका, ओलाव्यात ठेवू नका, काम झालं की फडकं टाकून झाकून ठेवा. शहाणपणा दाखवायला आम्हाला उघडू नका. आणि कुणाला पडका म्हणायच्या आधी, तुम्ही त्याला कुठल्या बाजूने ऐकताय ते एकदा बघा. हे सगळं मी हात जोडून सांगितलं असतं, पण मला हात नाहीत. कान आहेत. तेव्हा ज्याला बाद म्हणून फेकून दिलंत, त्याच्यासमोर निदान जपून बोला.