सहदेवच्या पोटातली कोठी

मी एक जुनी चरबीची पेशी आहे. भांडुपच्या टेकडीवर राहणाऱ्या सहदेवच्या पोटात, आतड्यांना लागून माझं घर आहे. आमचं आयुष्य जेमतेम दहा वर्षांचं. माझं नववं सरलं, म्हणजे मी म्हातारीच. मित्रांनो, चरबी म्हटलं की तुम्ही नाक मुरडता. पण आम्ही मुळात कोठी सांभाळणाऱ्या. खाल्लेल्यातलं उरलंसुरलं साठवायचं आणि अंगाला गरज पडली की जपून बाहेर काढायचं, एवढंच आमचं काम. रक्तातून इन्सुलिन 'साखर आत घ्या' असा निरोप घेऊन यायचं, मी तो ऐकायची आणि दार उघडायची.

तेव्हा मी लहान होते आणि कामाची होते. गणपतीत सहदेव पायात चाळ बांधून गाववाल्यांबरोबर जाखडी नाचायचा. फेर धरून गिरक्या घ्यायचा, तेव्हा त्याला तासन् तास पुरेल इतकं इंधन आम्ही पुरवायचो. त्याची आई रत्नप्रभा म्हणायची, "माज्या बाबूसारका पाय कुनाचा पडत नाय." त्यातलं थोडं कौतुक मी आपल्याकडेही घ्यायची.

मग सहदेवला अंधेरीच्या एका कंपनीत कॅमेऱ्यांचे पडदे बघत बसायची नोकरी लागली. बारा तास खुर्ची. जेवण पूर्वीचंच, नाच मात्र वर्षातून पाच दिवस. उरेल ते सगळं माझ्याकडे येऊ लागलं. मी फुगले, शेजारणीही फुगल्या. टेकडीवर प्रत्येक खोलीला पोटमाळा चढतो पण गल्ली तेवढीच राहते, तसं आमचं झालं. रक्ताच्या बारीक नळ्या पुरेनात, प्राणवायू मिळेना. एक दिवस माझी शेजारीण गुदमरून फुटली.

तिला आवरायला पांढऱ्या पेशी आल्या आणि तिच्याभोवती कडं करून बसल्या. वाटलं, साफसफाई करतील आणि जातील. पण रोज कुणीतरी मरत होतं, त्यामुळे त्या हलेचनात. उलट आणखी कुमक बोलवायला त्या जे संदेश सोडत, त्यांनीच आम्ही धुमसू लागलो. गुडघा सुजला की दिसतो, ठणकतो. आमची सूज ना दिसली, ना दुखली. त्या गदारोळात मला इन्सुलिनचा निरोप ऐकू येईना. साठवलेली चरबी गळून यकृतात आणि स्नायूंत गेली, तेही बहिरे झाले. साखर रक्तातच भटकत राहिली. मी जीव तोडून ओरडले, पण पोटातली ओरड ऐकतो कोण?

डॉक्टर मृणालिनींनी रक्त तपासलं. "साखर वाढलीय. गोळ्या चुकवू नका आणि खाणं कमी करा," त्या म्हणाल्या. सहदेव शब्दाचा पक्का. त्याने लगेच सोमवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन उपास धरले. मला कोण आनंद झाला. चला, कोठी रिकामी होणार.

पहिल्याच सोमवारी साबुदाण्याची खिचडी आली. मागून बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचे लाडू आणि केळ्याचे वेफर्स आले. "उपाशी हाय पोर," म्हणत रत्नप्रभाने दुसऱ्यांदा वाढलं. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण मी आतून अनुभवली. सहदेवच्या मनात काही खोट नव्हती. उपास म्हणजे कमी खाणं, असंच त्या घरात सगळे समजत होते.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं, "साखर उतरत कशी नाही?"

"हप्त्याला तीन उपास करतो मॅडम. अजून काय करू?"

"बरं, गोळी वाढवते."

बाहेर पेशंटची रांग होती. उपासाला काय खाता, हे विचारायचं राहून गेलं.

यंदा जाखडीच्या सरावात सहदेवच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात खिळा रुतला. त्याला कळलंच नाही. साखरेने पायाच्या नसा कधीच बधिर केल्या होत्या. बायको माधुरीला लादीवर रक्त दिसलं.

"अहो, पाय बघा तुमचा."

"काय नाय गं. दुखतपण नाय."

दुखत नव्हतं, तेच वाईट होतं. आठवड्याभरात जखम काळी पडली. इस्पितळात त्याने विचारलं, "गणपतीत नाचता येईल ना?" डॉक्टरांनी सहीसाठी कागद पुढे केला. त्याचं उजवं पाऊल घोट्यापासून काढून टाकलं.

ज्या पायाला मी ताकद पुरवली, त्याची वाट लावण्यात माझाही वाटा होता. हे मनात घेऊनच मी मरणार. माझ्या जागी येणारी नवी पेशीसुद्धा याच धुमसत्या गल्लीत जन्माला येईल.

मित्रांनो, जाड माणसाला चिडवू नका. चिडवण्याने मी तिळभरही आकसत नाही. तुमच्या घरी कुणी आजारापायी उपास धरला, तर त्याच्या ताटात डोकावा आणि ते ताट डॉक्टरांना सांगा. सहदेवसाठी एवढं कुणी केलं नाही.

आज गणपतीतला मंगळवार आहे. बाहेर जाखडीचे बोल चालू आहेत आणि सहदेवचे चाळ खुंटीला आहेत. रत्नप्रभा त्याच्या खाटेशी येऊन बसली. "बाबू, आता मंगळवार बी धर," ती म्हणाली. "येक पाय तरी ऱ्हावा." सहदेवने मान हलवली. तिने डोळे पुसले आणि खिचडीचं ताट त्याच्या हातात दिलं. त्याने आईसाठी ते शेवटच्या घासापर्यंत संपवलं. थोड्या वेळाने ते माझ्या दाराशी येईल.