पाचवी पायरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. मला नऊ पायऱ्या आहेत. त्यातली पाचवी मागाहून बसवलेली आहे, आणि तिची गोष्ट सांगताना आजही माझी मान खाली जाते. शिडीला मान कुठून आली, असं विचारू नका. लाज आली की मानही येते.

एका सुताराने मला एका रंगाऱ्यासाठी घडवलं. देताना त्याने बजावलं, "हिला वर्षातून एकदा जवसाचं तेल लाव, पण रंग कधी लावू नकोस. रंगाखाली तडा दिसत नाही." रंगाऱ्याने हे वीस वर्षं पाळलं. रोज सकाळी तो माझ्या प्रत्येक पायरीवरून बोटं फिरवायचा, मगच मला खांद्यावर घ्यायचा. त्याने शाळा रंगवल्या, दवाखाने रंगवले, मी मात्र बोडकीच राहिले. खरं सांगते, मला त्याचा राग यायचा.

एकदा तो चार दिवस बहिणीकडे गेला. त्याच्या बायकोला सुताराचे बोल ठाऊक नव्हते. नवऱ्याला खूश करावं म्हणून तिने उरलेला निळा ऑइलपेंट काढला आणि मला नखशिखांत रंगवलं. पाचव्या पायरीला तेव्हा नुकताच तडा गेला होता. तिला तो ओरखडा वाटला. तिने त्यात पुट्टी भरली आणि वरून रंगाचे दोन हात दिले.

रंगारी परतला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "अगं, शिडी रंगवायची नसते!" बायकोचा चेहरा पडला. लगेच तो हसला. "पण दिसते झकास. राहू दे."

दुसऱ्या दिवशी त्याने सवयीने बोटं फिरवली. त्यांना सगळं गुळगुळीत लागलं. आणि मी? मला बोलता येत नाही, पण कुरकुरता येतं. शिडीची कुरकुर म्हणजे तिचा इशारा असतो. त्या दिवशी मात्र मी निळ्या रंगात मिरवत होते. जुन्या शिडीसारखं कुरकुरून शोभा घालवायची नाही, म्हणून मी अंग आवळून गप्प राहिले. तो वर चढला आणि पाचवी पायरी मोडली. रंगारी पडला तो उठलाच नाही.

बायकोने मला परसात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. ते बरंच झालं. कोणाला तोंड दाखवायची माझी लायकी नव्हती.

दर आठवड्याला नवरा-बायको प्रार्थनाघरात जायचे. आता तिने तिकडे पाऊल टाकणं सोडलं. म्हातारी सासू काठी टेकत एकटीच जायची. सून ना धड जेवायची, ना कोणाशी बोलायची.

सहा महिने असे गेले. एका दुपारी परसात कपडे वाळत घालताना ती मला पाहून मटकन खाली बसली. सासू जवळ आली, तशी ती एका दमात बोलून गेली, "आई, तो तडा मीच बुजवला. मला वाटलं, ओरखडा आहे."

सासू काठी बाजूला ठेवून तिच्याशेजारी बसली. मग म्हणाली, "माहीत आहे मला. मोडलेल्या तुकड्यात पुट्टी दिसली होती. पहिले दोन महिने मी देवाकडे तुझी तक्रारच करत होते."

"मग?"

"मग थकले गं. एक दिवस तुझ्यासाठीच मागायला लागले. तेव्हापासून मला झोप लागते. आता जे मला सांगितलंस, ते देवालाही जाऊन सांग."

"आणि त्याने माफ नाही केलं तर?"

"मी केलं ना? माझा तर मुलगा गेलाय. देव काय माझ्यापेक्षा कोत्या मनाचा आहे?"

सून त्याच दिवशी प्रार्थनाघरात गेली. तिथे ती काय बोलली, मला ठाऊक नाही. परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवसापासून ती पॉलिशपेपर घेऊन माझा रंग खरवडू लागली. रोज एक पायरी, आणि घासताना ओठांत प्रार्थना. माझ्या अंगावरून निळी भुकटी गळत होती आणि मला रडू आल्यासारखं होत होतं. देवाला शिड्यांचं ऐकू येतं की नाही, कोण जाणे. मीही तिच्या मागोमाग माझा अपराध सांगून टाकला.

मग सुताराने नवी पाचवी पायरी बसवली. बायकोने मला तेल लावलं आणि प्रार्थनाघराच्या खिडक्या रंगवायला तिथे नेलं. तिने प्रत्येक पायरीवरून बोटं फिरवली, अगदी रंगाऱ्यासारखी. पाचव्या पायरीवर तिने पाय ठेवला आणि मी होता नव्हता तेवढा जोर लावून कुरकुरले.

ती थबकली. खाली उतरली, वाकून सगळे सांधे तपासले. सगळं ठीक होतं. माझ्यावर थोपटून ती म्हणाली, "बोलत जा बाई, अशीच बोलत जा." आणि पुन्हा वर चढली.

मित्रांनो, तुमच्या वस्तूंवरून रोज एकदा मायेने हात फिरवा. आणि स्वतःलाच कुठे तडा गेला असेल, तर छान दिसण्याच्या नादात माझ्यासारखे गप्प राहू नका. वेळेवर कुरकुरा.