कपाटातला जपानी पाना

केनवडच्या हरीओम मिस्त्रीकडे एकाच जपानी कंपनीचे दोन रॅचेट पाने होते. साधा रोज ग्रीसमध्ये लोळायचा. भारीतला आरशासारखा चकचकीत. त्याचे दाते इतके बारीक की अडचणीच्या जागी जरासा हलवला तरी नट फिरायचा. पण तो फिरवणार कोण? मखमली कापडात गुंडाळून त्याला कपाटात बसवलेलं. गिऱ्हाइकाला लांबून दर्शन, बस्स.

खंडेनवमीला हरीओमने सगळी हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. भारीतला तेवढा कपाटातच राहिला. उगाच चकाकीला डाग कशाला?

तेवढ्यात शेजारचे रामराव धापा टाकत आले. "हरीओम, सोयाबीन काढून राह्यलो अन् थ्रेशर बंद पडलं! आभाळ भरून आलं ना बाप्पा!"

हरीओमचा हात पाटाकडे गेला, तशी बायको कडाडली, "पूजेतल्या हत्याराले आज हात नाही लावायचा!"

"मंग नट काय दातानं खोलू, साधना?"

"कपाटात तुमचा नवरदेव बसून राह्यला ना! त्याची कुठं पूजा केली तुमी?"

हरीओमने कपाटातून भारीतला पाना काढला अन् रामरावांबरोबर निघाला. थ्रेशरच्या पोटात बोटभर जागा. साधा पाना तिथे फिरलाच नसता. भारीतल्याने किरकिर करत नट सोडवला, अन् थोड्या वेळात थ्रेशर धडधडू लागलं.

घरी येऊन त्याने तो काळाकुट्ट झालेला पाना साध्याच्या शेजारी पाटावर ठेवला.

"कुंकू लाव याले."

"अन् डाग पडला तं?"

"पडू दे वं. आता कमावता झाला तो."