रुमालातला चमचा

अन्यायाविरुद्ध आवाज उठवणं हे प्रत्येक सुजाण नागरिकाचं आद्य कर्तव्य आहे. पण रस्त्यावर ऊन असतं, कामावर साहेब असतात आणि घरी बायको असते. म्हणून पारखी हे कर्तव्य हॉटेलात बजावत.

पारखी हे त्यांचं आडनाव नव्हे, मित्रांनी दिलेली पदवी. एका छापखान्यात ते प्रुफं तपासत. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांची मान कायमची डावीकडे कलली होती. कुणाची लग्नपत्रिका हातात पडली, तरी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघत, मग वधूवर.

त्यांचा आणि त्यांच्या दोन मित्रांचा एक रिवाज होता. गावात नवं हॉटेल उघडलं, की पंधरवड्याच्या आत तिघांनी तिथे जेवायला जायचं आणि आलेल्या पदार्थांपैकी एक पारखींनी परत पाठवायचा. पदार्थ कसा आहे, याच्याशी या रिवाजाचा काही संबंध नव्हता. ‘पहिल्या दिवशीच जरब बसवली, की पुढे कधीही जा, नीट वाढतात,’ हे त्यामागचं तत्त्वज्ञान. मात्र पुढच्या वेळी ते दुसऱ्याच नव्या हॉटेलात जात, त्यामुळे बसवलेल्या जरबेचं फळ चाखायला ते अजून कुठेही परत गेले नव्हते. घरी पारखी पानात पडेल ते मुकाट्याने गिळत. घरी परत पाठवलेला पदार्थ पुन्हा येत नसे.

त्या रविवारी दुपारी तिघं असेच एका नव्या हॉटेलात जाऊन बसले. भिंतींना रंगाचा वास होता. खुर्च्यांच्या पायांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. प्रत्येकापुढे कागदी रुमालात घट्ट गुंडाळलेला एकेक चमचा होता.

“तीन टोमॅटो सूप,” वकीलमित्राने फर्मावलं. “एक बिनमिठाचं. आमच्या दंतवैद्याला रक्तदाब आहे. लोकांचे दात उपटून स्वतःचं रक्त चढवून घेतो.”

“तुझी फी ऐकून चढतं ते,” दंतवैद्य म्हणाला.

सूप आलं. वाढणारा पन्नाशीचा, घाईतला माणूस होता. त्याने तीन वाडगे तिघांपुढे ठेवले. पारखींच्या वाडग्यावर पुदिन्याचं एक पान तरंगत होतं.

“पारख्या, घे मनावर,” वकील कुजबुजला.

पारखी वाडग्यावर वाकले. डोळे मिटले. नाकाने एक लांब श्वास घेतला आणि प्रुफावर फुली मारावी तसा हात हलवला.

“खारट आहे. परत न्या.”

वाढणाऱ्याचा चेहरा पडला. “साहेब, आज तरी... बघा ना जरा.”

“बघितलं. न्या.”

वाडगा गेला. वकिलाने टेबलाखालून टाळी दिली. “नुसत्या वासावर मीठ ओळखतो! अरे, कुत्रीसुद्धा चाटून बघतात!”

पारखी प्रसन्न मनाने हात धुवायला उठले.

बेसिन स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून होतं. खिडकीतून एक पाटी दिसत होती. पाटीवर खडूच्या दोन रेघा होत्या आणि हॉटेलचे मालक तिसरी ओढत होते. हे मालक कालपर्यंत कुलपं विकत. कुलूप परत आलं, की दोष बनवणाऱ्याचा, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव. तोच नियम त्यांनी जसाच्या तसा स्वयंपाकघरात आणला होता.

“ताई, तीन झाल्या,” मालक म्हणाले. “बोलणं झालं होतं आपलं. पहिल्या पंधरवड्यात तीन पदार्थ परत आले, तर...”

“झालं होतं,” आतली बाई म्हणाली. पंचावन्नच्या आसपासची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली. तिने परत आलेल्या वाडग्यातलं थोडं सूप पळीने घेऊन चाखलं. “काय म्हणाले?”

“खारट.”

“यात मीठच नाही हो. बिनमिठाचं मागितलं होतं ना कुणी, तो हा वाडगा. ओळखू यावा म्हणून पान ठेवलं होतं मी. चुकून दुसऱ्यापुढे गेला. तुम्ही चाखून बघा.”

“मला त्यातलं काय कळतंय, ताई? गिऱ्हाईक म्हणेल ते खरं. गिऱ्हाईक खोटं कशाला बोलेल? त्याला काय मिळतं त्यातून?”

बेसिनपाशी उभ्या असलेल्या पारखींनी धुतलेले हात पुन्हा धुवायला घेतले.

“मी स्वयंपाक करत होते ते वसतिगृह बंद पडल्यावर आठ महिन्यांनी हे काम मिळालं होतं,” बाई म्हणाली. आवाज चढला नाही, रडवेलाही झाला नाही. “असो. मी त्यांना एकदा विचारून येते. खरंच चुकलं असेल, तर कळलेलं बरं.”

पारखी हात न पुसताच जागेवर येऊन बसले. दंतवैद्य वाडगा तिरका करून शेवटचा थेंब गोळा करत होता. “वर्षभरात असं चवदार बिनमिठाचं सूप प्यायलो नव्हतो,” तो म्हणाला. “पुण्य लागेल बिचारीला.”

तेवढ्यात बाई आलीच. हातात तोच वाडगा, त्यात तेच पान. मागे मालक.

“साहेब, राग मानू नका. जास्त झालंय का मीठ?”

पारखींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दोन्ही मित्र त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बावीस वर्षांची पदवी पणाला लागली होती. माणूस एक वेळ नोकरी सोडेल, पण मित्रांनी दिलेली पदवी सोडवत नाही.

“हो... म्हणजे... जरासं,” पारखी म्हणाले.

बाईची नजर टेबलावर गेली. पारखींचा चमचा रुमालात तसाच होता. घडीसुद्धा मोडली नव्हती. तिने चमच्याकडे पाहिलं, मग पारखींकडे पाहिलं. एक शब्द बोलली असती, तर तिथल्या तिथे सुटली असती. पण गिऱ्हाईकाला चारचौघांत खोटं पाडणाऱ्या स्वयंपाकिणीला दुसरीकडे कुणी ठेवत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

“साहेब काय करतात?” तिने विचारलं.

“प्रुफं तपासतो. छापखान्यात. चुका काढायचं काम.”

“वाचून काढता ना?”

“म्हणजे काय! न वाचता कशा काढणार?”

“मग बरं,” बाई म्हणाली आणि वळली.

स्वतःचेच ‘न वाचता’ हे शब्द पारखींच्या कानात अडकले. छापखान्यात त्यांचे एक साहेब होते. पारखींनी रात्रंदिवस डोळे फोडून तपासलेला गठ्ठा टेबलावर ठेवला, की ते पहिल्या पानावर न वाचता लाल पेन्सिलीने एक मोठी फुली मारून तो परत देत. ‘जरब राहावी’ म्हणून. एकदा तर साहेबांनी फुली कोऱ्या पानावर मारली होती. त्या दिवशी पारखी जिन्याखाली उभे राहून रडले होते आणि घरी कांदा चिरल्याचं सांगितलं होतं. घरी त्यांनी आयुष्यात कधी कांदा चिरला नव्हता; बायकोने तेही मुकाट्याने गिळलं होतं.

आणि आज लाल पेन्सिल त्यांच्याच हातात होती!

“थांबा!” पारखी एवढ्या जोरात उठले, की खुर्ची मागे पडली. “अहो ताई, थांबा! मी... मी चाखलंच नाही!”

शेजारच्या टेबलांवरचे चमचे थांबले.

“पारख्या, बस खाली,” वकील दबल्या आवाजात म्हणाला. “कबुली कधी द्यायची नसते.”

“गप रे! मालक, मी खोटं बोललो. दोनदा बोललो. हा बघा चमचा, अजून रुमालातच आहे. आणि कधीच चाखत नाही मी. आजवर जिथे जिथे परत पाठवलं, तिथे कुठेच चाखलं नव्हतं.” बोलता बोलता ती सगळी हॉटेलं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. तिथेही आत कुणी पाटी टांगली होती का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता विचारून उपयोग नव्हता.

मालक गोंधळले. “पण मग आधीच्या दोन रेघा?”

“त्यांचे चमचे कुणी बघितले होते?” बाई म्हणाली. मग ती पारखींकडे वळली. “साहेब, जीभ देवाने दोन कामांना दिलीय, चाखायला आणि बोलायला. त्यातलं चाखायचं काम आधी करावं, एवढंच. नावं ठेवायला माझी ना नाही. खरंच खारट झालं, तर खारट म्हणा, हजारदा म्हणा, मी पुन्हा करून देईन. पण तुमच्या वाडग्यात तुम्हाला सूप दिसतं, मला माझा महिना दिसतो.”

पारखींनी मान खाली घातली. डावीकडे न कलता ती प्रथमच सरळ खाली गेली. त्यांनी रुमालाची घडी उलगडली, चमचा काढला आणि तो थंडगार, अळणी सूपचा वाडगा सगळ्यांच्या देखत तळापर्यंत संपवला. तेव्हा कुठे दंतवैद्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “अरे, मग मी काय प्यायलो?” तो ओरडला आणि स्वतःची नाडी धरून बसला.

मालकांनी आत जाऊन पाटी पुसली. नुसती तिसरी रेघ पुसावी की तिन्ही, यावर ते थोडा वेळ उभे होते. शेवटी ओला बोळा तिन्हींवरून फिरला.

वाचकहो, आपणही कुठे ना कुठे गिऱ्हाईक असतोच. कुणाचं काम आपल्यापुढे वाडग्यात येतं, कुणाचं कागदावर, कुणाचं शिवून, कुणाचं रंगवून. नापसंती हा आपला हक्क आहे, पण चाखण्याचे कष्ट न घेता तो बजावणं याला चोखंदळपणा म्हणत नाहीत. मित्रांची एक टाळी मिळवण्यासाठी आपण हात हलवतो आणि भिंतीपलीकडे कुणाच्या तरी नावापुढे रेघ पडते. ती रेघ आपल्याला दिसत नाही, म्हणूनच आपल्याला सुखाने जेवता येतं!

पुढच्या महिन्यात तिघं आयुष्यात प्रथमच एकाच हॉटेलात दुसऱ्यांदा गेले. पाटी बाहेर आली होती. तिच्यावर आता दिवसाचे पदार्थ लिहिले होते. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, पारखी बोलले नाहीत. बाईंनी स्वतः सूप आणून ठेवलं आणि पदराला हात पुसत बाजूला उभ्या राहिल्या. पारखींनी रुमाल उलगडला. चमचा बुडवला. सगळ्यांच्या देखत, अगदी सावकाश, मनापासून चव घेतली.

खारट होतं.