वाऱ्याचा मालक

धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. वाराबाबांनी हात वर केला, डोळे मिटले आणि आरोळी ठोकली, "ये रे लेका, ये! मालक बोलावतोय!" थोड्या वेळात खरोखरच समुद्राकडून वारा सुटला. बोटींवरची निशाणं फडफडली, लोकांनी लोटांगणं घातली. सगळ्या धक्क्याची वहिनी मात्र कपाळाला आठ्या घालून बाबांच्या चेल्याकडे बघत होती. मेला सारखा मोबाइलमध्ये डोकं खुपसून काय बसतो?

वहिनी वारा मोजणाऱ्या कंपनीत कामाला होती. समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या, तर आधी तिथला वारा मोजावा लागतो. त्यासाठी दूर पाण्यात एक तरंगतं यंत्र सोडलं होतं. ते आकाशात लेझरचा किरण सोडायचं आणि हवेतले धूलिकण किती वेगानं वाहतात, यावरून वारा सांगायचं.

"बाबा," तिनं विचारलं, "जमिनीकडून येणारा वारा तुम्हाला आधी कधीच कसा कळत नाही?"

"तो वारा पापी आहे, बाई. माझ्याशी बोलत नाही."

लोक हसले, पण तिलाच. तिच्या धाकट्या दिरानं तर हात जोडले. "वहिनी, गप्प बसा हो! बाबांच्या शब्दावर उद्या बोट काढतोय मी."

दीर तिच्या हाताखाली वाढलेला. बोट एवढीशी, अक्कल त्याहून लहान!

दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे मिटले. चेला दोनदा खोकला. "समुद्र झोपलाय. खुशाल जा!"

दीर दोर सोडायला वाकला. वहिनीनं धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

"थांबा भाऊजी! काल संध्याकाळी वारा पडल्यावर यंत्र किनाऱ्यावर आणलंय. पक्ष्यांनी काचेवर घाण केली होती, ती पुसतोय आम्ही."

"त्याचा बाबांशी काय संबंध?"

"तेच बघू." तिनं चेल्याचा मोबाइल हिसकावून सगळ्यांसमोर धरला. मच्छीमारांसाठी खुलं ठेवलेलं कंपनीचं पान त्यावर उघडंच होतं. आकडा शांत वाऱ्याचा. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'मोजणी बंद. आकडे कालचे.'

"समुद्रावरचा वारा आधी यंत्रापाशी पोचतो, मग इथे. मधल्या वेळात हा खोकतो आणि हे मालक होतात! जमिनीकडचा वारा आधी आपल्याकडे येतो, म्हणून तो पापी!"

"थापा!" बाबा गरजले. "आज पानसुद्धा हलणार नाही!"

तेवढ्यात असा काही वारा सुटला की बाबांचा मंडप उडून पाण्यात पडला. बाहेर पांढऱ्या लाटा उसळल्या. बाबांनी खांबाला मिठी मारली.

दीर पांढराफटक पडला. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं हे?"

"नाही हो! आज कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तर थांबवलं," म्हणताना तिला रडूच फुटलं.

"आता यापुढे वहिनीचंच ऐकायचं!" कुणीतरी ओरडलं.

डोळे पुसत ती उसळली. "माझंही नुसतं ऐकू नका! वारा सांगणारा कुणीही असो, आधी विचारा, कुठे मोजलास, कधी मोजलास? आणि धड उत्तर मिळेपर्यंत दोर सोडू नका."